जवळचा प्रवास कुणाचा?

नांदेडहून अमृतसरला जायचं असेल तर सचखंड एक्सप्रेस रोज आहे. मुंबईची वंदे भारत आधी जालन्यापर्यंतच यायची, ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत आणली. पुण्याकडे संध्याकाळ झाली की ट्रॅव्हल्सच्या गाड्या एकामागून एक सुटतात. शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्याला, 2008 साली, शहराच्या विमानतळाचं नूतनीकरण झालं. लातूरहून मुंबईला रात्रीची रेल्वे आहे, आणि शहरालगत हरंगुळच्या कारखान्यात वंदे भारतचे शयनयान डबे बांधायचं ठरलं आहे. एकशेवीस गाड्यांचं काम आहे ते. देशभरचे प्रवासी लातूरच्या डब्यात झोपून जातील.

आता नांदेडच्या तरोडा नाक्याजवळ राहणारी एक बाई घ्या. तिचा नवरा विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात भरती आहे आणि तिला त्याचा डबा पोचवायचा आहे. ती नाक्यावर उभी राहते. ऑटो येतो, सीट भरेपर्यंत थांबतो, शहराच्या मध्यावर सोडतो. तिथून दुसरा ऑटो. परतताना पुन्हा तेच, आणि अंधार पडल्यावर भाडं ऑटोवाला सांगेल ते. तिच्या या प्रवासाचं वेळापत्रक कोणत्याही कार्यालयात नाही. तिच्या भाड्याची नोंद कुठल्याही अंदाजपत्रकात नाही.

पुढच्या पानांचा विषय हा आहे. मराठवाड्याच्या या दोन शहरांत लांबचा प्रवास हा सरकारचा विषय मानला गेला आणि जवळचा प्रवास ज्याचा त्याने पाहायचा. ही वाटणी कुणी एका दिवशी बसून केली नाही. पण तिच्यामुळे शहराचं अंतर कुणाला किती पडतं, हे त्याच्या दारात दुचाकी आहे की नाही यावर ठरू लागलं.

मराठीत शहरी वाहतुकीवर लिहायचं म्हटलं की पेन आपोआप मुंबईकडे वळतं. लोकलची गर्दी, बेस्टची लाल बस, फार तर पुण्याची पीएमपी. तिथली विषमता गर्दीत दिसते: कोण डब्यात बसतं, कोण दारात लटकतं, कोण वातानुकूलित गाडीचं तिकीट काढतं. नांदेड-लातूरची विषमता बस नसण्यात आहे, आणि नसलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. मोर्चाही सहसा निघत नाही. पाणी आलं नाही तर घागरी घेऊन बायका महापालिकेवर जातात. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिलं. बस आली नाही म्हणून कुणी जात नाही, कारण ती येईल अशी अपेक्षाच कधी तयार झालेली नाही.

ती का झाली नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. नांदेडला रेल्वे आली 1900 साली, मनमाड-सिकंदराबाद या गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेज मार्गाने. लातूरला बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये पोचली. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याच्याच छत्राखाली 1932 साली 27 गाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली. म्हणजे पुणे-अहमदनगर मार्गावर 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली, त्याच्या सोळा वर्षं आधी हैदराबाद संस्थानात सरकारी बस होती. ही गोष्ट मराठवाड्यातही फार सांगितली जात नाही. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्याच्या वाट्याची ती वाहतूक 1961 मध्ये आजच्या एसटी महामंडळात विलीन झाली. या सगळ्या व्यवस्थांचं तोंड बाहेरच्या दिशेला होतं. गाव शहराला, शहर राजधानीला, कापूस आणि तूर बाजाराला जोडायची. शहराच्या आत काही जोडायची गरज तेव्हा नव्हतीही. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात आणि त्या काळी कुठल्याही रस्त्याच्या टोकापर्यंत पायी जाता येई. नांदेडात इतवाऱ्यापासून वजिराबादपर्यंत माणूस चालतच जाई.

मग शहरं पसरली. नांदेडात गोदावरीच्या दक्षिणेला सिडको-हडको उभं राहिलं, नवीन नांदेड म्हणून. 1997 मध्ये वाघाळ्यासह महापालिका झाली. लातूर 1982 ला उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला, 1993 च्या भूकंपानंतर तिथे माणसं आणि पैसा दोन्ही आले, शिक्षणाने उरलेलं काम केलं आणि 2011 मध्ये तीही महापालिका झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं होतं, लातूर पावणेचार लाखांच्या पुढे. आज दोन्ही आकडे जुने झाले आहेत. शहर चालत जाण्याइतकं उरलं नाही, आणि बस मिळण्याइतकं मोठं झालं असं कुणी मानलं नाही.

नांदेडात एसटीने शहर बस चालवून पाहिली. लातूरमध्ये महापालिका ठेकेदाराकडून शहर बस चालवते. त्या अजिबात नव्हत्या असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीचे जे निकष ठरवले आहेत, त्यांत दर हजार लोकांमागे 0.6 किंवा त्याहून जास्त बस असतील तर सेवा उत्तम, आणि 0.2 पेक्षा कमी असतील तर ती शेवटच्या पायरीवर. 2011 च्याच लोकसंख्येवर हिशेब केला तर उत्तम सेवेसाठी नांदेडला 330 आणि लातूरला सुमारे 230 बस लागतात. शेवटची पायरी ओलांडायलाच नांदेडला 110 आणि लातूरला पंच्याहत्तरच्या वर हव्यात. हे आकडे वाचून दोन्ही शहरांतला माणूस हसेल.

यात दोष एकट्या महापालिकांचा नाही, आणि हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दोन याद्या आहेत. कलम 63 मध्ये महापालिकेने करायलाच हवीत अशी कामं: पाणी, गटार, दिवाबत्ती, रस्ते, साफसफाई. कलम 66 मध्ये महापालिकेला वाटलं तर करावीत अशी कामं. लोकांसाठी वाहतुकीची साधनं चालवणं हे 66 मध्ये आहे. राज्यघटनेत 74 व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली गेली, शहरांकडे सोपवायच्या अठरा विषयांची. तीत सतराव्या क्रमांकावर सार्वजनिक सोयी आहेत: रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे, स्वच्छतागृहं. बसथांबा यादीत आहे. बस नाही. घटनेच्या पोटात एवढा विनोद सापडेल असं वाटलं नव्हतं. पण पत्र्याचं छप्पर, त्यावर नगरसेवकाचं नाव, खाली सावलीला बसलेली दोन म्हातारी माणसं आणि समोरून न येणारी बस हे दृश्य ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ती अनुसूची किती काटेकोरपणे अमलात आली हे पटेल.

कायद्याने सक्ती नसेल तर पैसा योजनांच्या मागे जातो, आणि योजना निवडलेल्या शहरांच्या मागे. लोकसंख्या कमी असूनही धार्मिक महत्त्वामुळे नांदेड केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात आलं. 2008 च्या सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, शहराचं रूप पालटलं. लातूर त्या यादीत नव्हतं. पुढे स्मार्ट सिटीच्या यादीत दोन्ही नव्हती. तिथे मराठवाड्यातून फक्त औरंगाबाद निवडलं गेलं, आणि जानेवारी 2019 मध्ये तिथे स्मार्ट बस धावू लागली. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली: दहा हजार विजेच्या बस, तीन लाखांवरच्या शहरांसाठी, दहा वर्षं चालवण्याच्या खर्चात मदत. लोकसंख्येच्या अटीत नांदेड-लातूर दोन्ही बसतात. या योजनेत पहिल्यांदाच गाडी विकत घेण्यापेक्षा गाडी चालत ठेवण्याला पैसे आहेत, म्हणून ती आधीच्यांपेक्षा शहाणी आहे. आमच्याकडच्या बस आजवर खरेदीच्या पैशाअभावी कमी आणि डिझेल, टायर, चालकाच्या पगाराअभावी जास्त बंद पडल्या.

रुंद रस्त्यांचा फायदा कुणाला झाला, हा प्रश्न नांदेडात आजही अवघड वाटतो. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांना नक्की झाला. चालणाऱ्याला रस्ता ओलांडणं कठीण झालं. यात्रेकरूंची मात्र सोय आहे: रेल्वे स्थानकावरून गुरुद्वाऱ्याला मोफत बस मिळते, आणि लंगरात जेवण. परगावच्या भाविकाला शहरात जेवढं सहज फिरता येतं, तेवढं देगलूर नाक्यावर राहणाऱ्या मोलकरणीला येत नाही. हा गुरुद्वाऱ्याच्या व्यवस्थेचा गौरव आहे आणि शहराच्या व्यवस्थेवरचं भाष्यही.

दवाखान्याचं उदाहरण मुद्दाम आधी घेतलं. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय शहराच्या मध्यातून विष्णुपुरीला गेलं. इमारती मोठ्या झाल्या, खाटा वाढल्या, ते योग्यच झालं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच परिसरात, गुरु गोविंदसिंहजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालयही तिथेच. जिथे सगळ्यात जास्त गरीब रुग्ण आणि सगळ्यात जास्त विद्यार्थी जातात, त्या जागा शहराबाहेर गेल्या आणि त्यांच्यामागे बस गेली नाही. सुदैवाने लोहा-कंधार-लातूरकडे जाणारी एसटी त्याच रस्त्याने जाते, म्हणून कसंबसं चालतं. ऑक्टोबर 2023 मध्ये या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले आणि देशभरचे कॅमेरे विष्णुपुरीला आले. औषधं, डॉक्टर, परिचारिका यांच्या कमतरतेवर बोललं गेलं. बोलायलाच हवं होतं. पण रुग्ण तिथे कशातून पोचतो, किती वाट पाहून निघतो, नातेवाईक रात्री औषध आणायला कसे जातात, याची चौकशी झाल्याचं वाचनात आलं नाही. वाहतूक हा आरोग्याचा भाग आहे असं आपल्याकडे मानतच नाहीत.

लातूरमध्ये पुरेशा बस नसल्याची किंमत वेगळ्या खात्यात वळती होते: खोलीभाड्यात. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून निघालेला लातूर पॅटर्न आता नीट-जेईईच्या खासगी वर्गांच्या भोवती फिरतो. निलंगा, उदगीर, अहमदपूर, पार बीड-परभणीपासून पोरं येतात. वर्गापासून चालत जाता येईल अशा खोलीला जास्त भाडं, लांबच्या खोलीला कमी. शहरात नियमित बस असती तर हा फरक निम्म्यावर आला असता. सोयाबीनचे पैसे हातात पडले की बाप आधी वर्गाची फी भरतो, मग खोलीचं भाडं. ते जमलं नाही तर पोरगं गावाहून एसटीने ये-जा करतं. विद्यार्थी पासावर एसटी दोन तृतीयांश सवलत देते, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास मोफत मिळतो, आणि मागास तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस फक्त मुलींसाठी धावतात. या तीन गोष्टींनी मराठवाड्यातल्या मुलींच्या शिक्षणासाठी जेवढं केलं, तेवढं डझनभर अभियानांनी केलं नसेल. आणि त्याची परीक्षाही झाली. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती ती मुलं शाळेत पोचली. बहुतेक घरांत मोटारसायकलवर पहिला हक्क मुलाचा असतो, हे सांगायला नको.

महिलांच्या सवलतींचा विचार इथेच करायला हवा. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. लातूर महापालिकेने तर त्याआधीच शहर बस महिलांसाठी मोफत केली. एका मध्यम शहराने राज्याच्या पुढे एक पाऊल टाकलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. सीमेपलीकडे कर्नाटकात जून 2023 पासून आणि तेलंगणात त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून महिलांना सरकारी बस मोफत आहे. उदगीरच्या बाईची बिदरकडची बहीण, धर्माबादच्या बाईची बासरकडची नणंद, त्या फुकट फिरतात. ही चर्चा सीमेवरच्या घराघरांत आहे. पण सवलत बसमध्ये चालते, ऑटोत नाही. भोकरहून नांदेडला अर्ध्या तिकिटात आलेली बाई स्थानकावर उतरते, आणि पुढच्या आठ-दहा किलोमीटरला तिला पूर्ण भाडं पडतं. जिथे सरकारी चाक थांबतं तिथे सवलतही थांबते.

ऑटोवाल्यांना खलनायक करण्याचा मोह या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो. तो टाळलेला बरा. दोन्ही शहरं आज त्यांच्यामुळेच हलतात. 2017 मध्ये राज्याने ऑटोरिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठवली, तेव्हा शिकून बेकार राहिलेली कितीतरी पोरं कर्ज काढून ऑटो घेऊन रस्त्यावर आली. प्रवासी तेवढेच, ऑटो जास्त. मग हप्ता भरायचा तर तीन प्रवाशांच्या परवान्यावर पाच-सहा सीटा कोंबाव्या लागतात, पोलिसांची पावती सांभाळावी लागते, आणि भरवशाचं गिऱ्हाईक नसलेल्या वस्तीत जाणं परवडत नाही. नवा मोंढा, गांधी चौक, बसस्थानक इथे ऑटो मिळतो. झोपडपट्टीच्या टोकाला, रात्री साडेनऊनंतर, पावसात तो मिळत नाही. ऑटोवाल्याला तिथे जाणं परवडायचं कारणच नाही. न परवडणारा मार्ग चालवणं हे काम बसचं असतं आणि त्याचा तोटा सगळ्या शहराने वाटून घ्यायचा असतो. ही वाटणी आपल्याकडे झालीच नाही, म्हणून तोटा सगळ्यात गरीब प्रवासी आणि सगळ्यात कर्जबाजारी ऑटोवाला यांनी आपसात वाटून घेतला आहे.

एक जुना प्रसंग इथे आठवतो, कारण सार्वजनिक वाहन कशासाठी हवं याचं उत्तर त्यात पैशाच्या पलीकडचं आहे. 1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगाव स्थानकावर उतरले. त्यांना वस्तीवर न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात बसवून हाकणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा वस्तीतलाच, ज्याने तो कधी हाकला नव्हता. टांगा पुलावर अपघातात सापडला आणि बाबासाहेब जखमी झाले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला रेल्वेने चाळीसगावपर्यंत आणलं, रेल्वेला त्याची जात विचारता आली नाही. शेवटचं छोटं अंतर मात्र खासगी मालकाच्या मर्जीवर होतं, आणि तिथे जात आडवी आली. एसटीच्या वाहकाला तिकिटापलीकडे काही विचारायचा अधिकार नाही, हे या राज्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. आज टांगेवाल्यासारखं तोंडावर कुणी बोलत नाही. पण कोणत्या वस्तीत ऑटो येतो आणि कोणत्या वस्तीचं नाव घेताच वेग वाढवतो, हे नांदेड-लातूरच्या कुठल्याही दलित किंवा मुस्लिम मोहल्ल्यातल्या माणसाला विचारून पाहावं.

पुढच्या पानांत मेट्रो नाही, उड्डाणपूल नाहीत, शक्तिपीठ महामार्गाचा वाद नाही. ते विषय लहान नाहीत, पण त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त पाच ते पंधरा किलोमीटरचं अंतर आहे, आणि ते ज्यांना रोज कापावं लागतं ती माणसं: मोंढ्यातले हमाल, रात्रपाळीच्या परिचारिका, धुणीभांडी करणाऱ्या बायका, वर्गाला जाणारी पोरं, दवाखान्यात डबा नेणारी घरची माणसं. 2011 च्या जनगणनेत कामाच्या जागेचं अंतर आणि तिथे जायचं साधन विचारलं होतं, पण शेती आणि घरगुती उद्योगातल्या लोकांना वगळून. आणि डबा नेणाऱ्या बाईला तर कामगार म्हणून मोजलंच जात नाही. म्हणून या माणसांबद्दल आकड्यांपेक्षा त्यांच्या बोलण्यावर जास्त विसंबावं लागेल.

मागणी एकच पुरेशी आहे. राज्य सरकारने महानगरपालिका अधिनियमात शहर बस कलम 66 मधून काढून 63 मध्ये घ्यावी, आणि त्यासोबत ती चालवायचा खर्च द्यावा, नाहीतर नुसती सक्ती करून नांदेड-लातूरसारख्या महापालिका आणखी एका कामात नापास होतील. तोवर वाचकाने एवढं करावं: मत मागायला दारात येणाऱ्याला रस्ता आणि नळ यांच्यासोबत आपल्या वस्तीतून विष्णुपुरीला किंवा रेल्वे स्थानकाला शेवटची बस किती वाजता सुटेल, हे विचारावं, आणि उत्तर लिहून घ्यावं.